सोमवारी लेथ बंद असतो

उद्यमनगरात सोमवारी पट्टे उतरतात,
लोखंडाचा कीस झाडून एका कोपऱ्यात जातो
आणि चौगुल्यांच्या शेडमध्ये, लोखंडी जिन्यानं वर,
आमचा ब्राझील सुरू होतो.

ब्राझील म्हणजे आम्ही पाच जण.
त्यातला एकही सावंतवाडीच्या पलीकडं गेलेला नाही.

दस्तगीरचा ट्रम्पेट वरातीतला.
त्याच्या बापानं, आज्यानं किती नवरदेव दारापर्यंत पोचवले
त्याची मोजदाद नाही;
म्हणून जॅझ वाजवतानाही तो मधेच थांबतो,
घोडा अडल्यासारखा.
ती जागा आम्ही तशीच ठेवून दिली.
योहान समुद्रे रविवारी चर्चमध्ये पेटीवर, सोमवारी सिंथवर,
डावा हात अजून प्रार्थनेत,
उजवा केव्हाच फंकमध्ये उतरलेला.

पिराजीनं सांबा पहिल्यांदा ऐकला
हलगी शेकता शेकता, माझ्या मोबाइलवर.
डोळे मिटून म्हणाला,
"ह्यो तर कुस्तीचाच खेळ की रं,
फकस्त पैलवान जरा उशिरा येतोय."
उलट्या ठेक्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं.
कळला तो तेव्हा.

मी बास वाजवतो, आणि ओतकाम करतो.
अगोगोची जोडघंटा भंगारातल्या वॉल्व्हच्या पितळेतून
मीच ओतली. अर्धा सूर खाली लागली.
परत वितळवली, परत ओतली, परत खालीच.
शेवटी अख्खा बँड अर्धा सूर खाली आणला.
पितळेपुढं कुणाचं चालतंय.

रेवती गावडे चंदगडची.
हॉस्टेलात पोरी तिच्या नाकातल्या बोलण्याची नक्कल करायच्या.
दोन वर्षं ती मेसमध्ये भातसुद्धा
बोट दाखवून मागायची.
पोर्तुगीज शब्दांच्या शेपटाला सूर जिथं नाकात जाऊन बसतो,
आंव, आंव,
तिथं आम्ही सगळे घसरलो.
ती नाही घसरली.
ती घरी गेल्यासारखी आत गेली,
चप्पल काढून.

तिच्या बापाची काजूची सव्वाशे झाडं.
काजू मूळचा तिकडचाच, गलबतातून आलेला,
हे तिनं एकदा फोनवर त्यांना सांगितलं.
"आला असंल," ते म्हणाले,
"यंदा मोहर जळलाय."

पहिला कार्यक्रम. माणसं अठरा,
त्यातली चार पुढच्या सत्काराला लवकर आलेली.
एकानं मधेच उठून विचारलं, गाणं कधी सुरू होणार?
तेव्हा तिसरं चालू होतं.

रात्री सगळी वाद्यं घेऊन गंगावेशीत,
दुधाच्या कट्ट्यावर, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
तातोबाची म्हैस अडून उभी.
"रेडकू गेलं आठ दिसामागं," तो म्हणाला,
"पेंड घातली, थोपटली, पान्हा सोडंना."
आणि रिकामी चरवी गुडघ्यात धरून बसून राहिला.

पिराजीजवळ त्यानंच केलेली कुईका होती:
पत्र्याचा डबा, बकऱ्याचं कातडं, मधोमध एक काडी,
ओल्या फडक्यानं चोळायची.
रिकामा हात म्हणून त्यानं सहज चोळली.
तालमीत त्या आवाजाला आम्ही हसायचो.
हंऽऽ, हुंऽऽ, घशातला, अर्धवट,
पाय अजून न सावरलेल्या पिल्लाचा.

म्हशीनं मान वळवली.
कान आधी, मग डोळे, मग सगळी ती.
चरवीत धार वाजली.

पिराजीचा हात थांबेना. थांबवावा कसा?
दस्तगीरनं टोपी काढली.
फसवतोय का आपण हिला, योहान पुटपुटला,
आणि त्याचं उत्तर पाचांतल्या एकाकडंही नव्हतं.

तातोबानं ग्लास भरले. पैसे घेतले नाहीत.
"पहाटं परत येशील?" त्यानं पिराजीला विचारलं,
मुलगा नोकरीवर निघावा तसं, खाली बघत.

रेवती ग्लास तसाच धरून उभी होती.
फेस हळूहळू खाली बसत गेला.